शुभेच्छुक

आमच्या आईबाबांच्या पिढीत मुलं ‘बोर्डात’ यायची. म्हणजे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, शक्यतो आई पेढा भरवतानाचा, आणि खाली दोन ओळी की रोज किती तास अभ्यास केला आणि पुढे काय व्हायचंय. बाबांना त्यांच्या काळातली अशी दोन-तीन नावं अजून मार्कांसकट पाठ आहेत. त्या लोकांना ते आयुष्यात कधी भेटलेले नाहीत. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची आणि १९१२ साली ती पटकावणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ही गोष्ट तर आमच्या शाळेत कुणी ना कुणी पाहुणा सांगायचाच.

मी दहावीला बसले तोवर राज्य मंडळाने ती यादी बंद करून टाकली होती. कारण चांगलंच होतं. अर्ध्या मार्कासाठी मुलांनी जिवाला लावून घेऊ नये. पण यादी बंद केली म्हणून यादीची भूक थोडीच जाते? साधारण त्याच काळात गावोगावी डिजिटल फ्लेक्सची मशिनं आली. मंडळाने यादी छापायची थांबवली आणि चौकाने छापायला घेतली. फरक एवढाच की मंडळाच्या यादीत फक्त मुलांची नावं असायची.

आमचं गाव लातूर, त्यामुळे हा फरक मला जवळून बघायला मिळाला. लातुरात जून म्हणजे पेरणी, पाऊस आणि सत्कार. शिवाजी चौकाकडून क्लासेसच्या भागात शिरलं की दोन्ही बाजूंनी मुलामुलींचे चेहरे तुमच्याकडे बघत असतात. पासपोर्ट फोटोतले, केस चापून बसवलेले, हसावं की नाही या विचारात पडलेले. प्रत्येकाच्या गळ्याखाली एक आकडा. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला वाटावं, इथे काहीतरी निवडणूक चालू आहे.

२०१३ च्या जूनमध्ये मीसुद्धा त्या भिंतीवर होते. ९६ आणि वर काही दशांश. लातुरात हे मार्क म्हणजे अगदी अभूतपूर्व वगैरे नाहीत, पण सत्काराला पुरतात. माझे त्या महिन्यात पाच सत्कार झाले. एक शाळेचा, एक आमच्या समाजाच्या मंडळाचा, एक बाबांच्या पतसंस्थेचा, एक प्रभागातला आणि एक अशा क्लासचा, जिथे मी फक्त शेवटच्या महिन्यात तीन सराव परीक्षा दिल्या होत्या. त्या क्लासच्या फ्लेक्सवर मी ‘आमची विद्यार्थिनी’ होते. बाजूच्या गल्लीतल्या दुसऱ्या क्लासच्या फ्लेक्सवरही होते. तिथे तर मी पायही ठेवला नव्हता. बाबा म्हणाले, जाऊ दे, चांगलंच म्हणायलेत ना.

ज्यांनी असे कार्यक्रम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पत्रिकेवर वेळ सकाळी दहाची असते. पाहुणे साडेबाराला येतात. तोवर ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ आणि देशभक्तिपर गाणी. मग दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचे सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. मुलांचा नंबर येतो तेव्हा जेवणाची वेळ टळत आलेली असते, म्हणून पाच-पाच जणांना एकदम बोलावतात. ट्रॉफी हातात पडते, तुम्ही पाहुण्यांकडे बघता, पाहुणे कॅमेऱ्याकडे बघतात, फ्लॅश उडतो आणि तुमच्या हातात हात असतानाच पाहुण्यांची नजर पुढच्या मुलाकडे गेलेली असते. निवेदक मार्क दशांशासकट वाचतो, ‘शहाण्णव पूर्णांक चाळीस’, जणू सोन्याचा भाव. शेवटी भाषण. कलेक्टर व्हा, डॉक्टर व्हा, पण आईवडलांना विसरू नका आणि मोबाईलपासून लांब राहा. हे ऐकणारे सगळे मोबाईलवर शूटिंग करत असतात.

मी चेष्टा करते आहे, पण खरं सांगायचं तर मला ते सगळं प्रचंड आवडलं होतं. पंधराव्या वर्षी आपलं नाव माइकवरून ऐकायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही. आईला स्टेजवर बोलावून नारळ दिला, तेव्हा ती पदर सावरत ज्या पद्धतीने चालली, तशी मी तिला त्याआधी चालताना पाहिलं नव्हतं. ते पाच मिनिटांचं चालणं खोटं होतं असं मला कुणी सांगितलं तर मी भांडेन.

दोन वर्षांनी धाकट्याचा निकाल लागला. ५४ टक्के.

आमच्या घरात त्या दुपारी एक विचित्र प्रश्न उभा राहिला: पेढे आणायचे का? माझ्या वेळी बाबांनी चार किलो आणले होते. पोरगा पास झालाय, नाही आणावेत तर वाईट दिसतं. आणावेत तर लोक किती पडले विचारणार. शेवटी बाबांनी पाव किलो आणले आणि शेजारी देताना आकडा विचारायच्या आत स्वतःच ‘पास झाला, पास झाला’ म्हणत पुढच्या घरी गेले. आईने शिरा केला. माझ्या पाच ट्रॉफ्या ज्या शोकेसमध्ये होत्या त्याच्या बरोबर समोर बसून धाकट्याने तो खाल्ला. तो काही बोलला नाही. तसा तो कमीच बोलतो.

पुढे त्याने आयटीआय केलं, वर्षभर एका कंपनीत जाऊन आला, मग एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनला बसला. सध्या त्याच दुकानात त्याची भागीदारी आहे. म्हणजे आमच्या घरातल्या ज्या मुलाचा फोटो कधी फ्लेक्सवर आला नाही, तो गेली सहा-सात वर्षं दर उन्हाळ्यात लातूरच्या गुणवंतांना फ्लेक्सवर आणतो आहे. हा योगायोग आहे. त्यातून काव्यगत न्याय वगैरे काढू नका. त्याच्या म्हणण्यानुसार सीझनला पैसे बरे सुटतात.

२०२५ चा दहावीचा निकाल १३ मे रोजी दुपारी एक वाजता लागला, तेव्हा मी घरूनच काम करत लातुरात होते. आमच्या घरी लाइट गेली म्हणून लॅपटॉप घेऊन त्याच्या दुकानात जाऊन बसले. दोन वाजून काही मिनिटांनी पहिली ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर पडली: दहा बाय आठ, बावीस पोरं, साहेबांचा फोटो मोठा, आजच पाहिजे. पोरांची नावं तासाभराने आली. फोटो त्याच्याही नंतर, कुणाचा हॉल तिकिटावरून मोबाईलने काढलेला, कुणाचा लग्नातला, मागे अर्धा मामा. साहेबांचा फोटो मात्र दुकानाच्या कॉम्प्युटरवर आधीपासून होता, नमस्काराच्या, हात उंचावलेल्या आणि गंभीर अशा तिन्ही मुद्रांमध्ये, बॅकग्राउंड काढून तयार.

मी इंजिनिअर असल्यामुळे मला मोजायची खोड आहे. कोरलड्रॉमध्ये ते डिझाइन उघडं होतं तेव्हा मी मापं बघितली. एकेका विद्यार्थ्याचा फोटो नऊ इंच बाय बारा इंच. साहेब तीन फूट बाय चार फूट. म्हणजे एका साहेबात सोळा गुणवंत बसतात. वरच्या रांगेतली ‘प्रेरणास्थानं’ आणि खालच्या रांगेतले गॉगलवाले ‘शुभेच्छुक’ वेगळे. बावीसच्या बावीस मुलांना मिळून त्या फ्लेक्सचा जेमतेम एक पंचमांश भाग आला होता. मी हे धाकट्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, “ताई, ज्यानं पैसे दिले त्याचा फोटो मोठा. त्यात काय गणित?”

२०२२ मध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासकांचा कारभार सुरू झाला. नगरसेवकच नाहीत तर सत्कार कमी होतील असा माझा अंदाज होता. धाकट्याने तो हसण्यावारी नेला. नगरसेवक मोजके असतात, इच्छुक किती असतात? ‘भावी’ हा शब्द त्या वर्षांत त्याने जितक्या वेळा टाइप केला तितका कशाला केला नसेल. प्रत्येक भावीला लोकांच्या घरापर्यंत जायला एक निमित्त लागतं. मयत आणि लग्न हाताशी असतंच, पण त्यात स्टेज मिळत नाही. दहावीच्या निकालात स्टेज मिळतं, आई-बाप दोघंही येतात आणि त्या दिवशी ते खूश असतात.

हे सगळं आपल्याला माहीत असतं. फुकट्या प्रसिद्धीबद्दल कुरकुर करणारे लेखही भरपूर येतात, शहर विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदाही आहे. मला त्या दुपारी अडलं ते दुसरंच. बावीस मुलांची ती यादी एक्सेलमधून आली होती, टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने लावलेली. पहिलं नाव १०० टक्के. शेवटचं नाव ९१. त्याच्याखाली एक रेघ आणि रेघेखाली कुणीतरी पुसायला विसरलेली पुढची नावं: ८८, ८४, ७९, ७२… ती नावं फाइलमध्ये होती. फ्लेक्सवर येणार नव्हती.

शंभर टक्के कसे पडतात, असं पुण्यातले माझे सहकारी मला दरवर्षी विचारतात, जणू मी लातूरची अधिकृत प्रवक्ती आहे. उत्तर सोपं आहे. सहा विषयांपैकी सर्वात चांगले पाच धरतात. शाळेच्या हातातले अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. शिवाय खेळ, चित्रकलेच्या परीक्षा, शास्त्रीय नृत्य-गायन, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात. त्यात मूल हुशार आणि मेहनती असलं, घरात त्याच्यामागे कुणी लागलेलं असलं की शंभर होतात. मुलांची मेहनत मी नाकारत नाही. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे काय, तर तोच धडा, तीच गणितं, चाचणीवर चाचणी, चूक संपेपर्यंत. मी त्यातून गेले आहे. तो आनंददायी प्रकार नव्हता, पण फसवणूकही नव्हती.

मात्र आकडे पूर्ण वाचावेत. २०२५ मध्ये राज्यभरात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले आणि त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतली. निम्म्याहून जास्त. आदल्या वर्षी १८७ पैकी १२३. हे आकडे आमच्याकडे रिक्षावाल्यालाही पाठ असतात. पण त्याच २०२५ च्या निकालात पास होण्याचं प्रमाण बघितलं तर नऊ विभागांमध्ये लातूर आठवं आहे. ९२.७७ टक्के. आमच्या मागे फक्त नागपूर. राज्याची सरासरी ९४.१० होती.

माथ्यावर आपण राज्यात पहिले आणि पायथ्याला शेवटून दुसरे. हे दोन्ही आकडे एकाच दिवशी, एकाच पत्रकार परिषदेत जाहीर होतात. पहिल्याचे फ्लेक्स होतात. दुसऱ्याचा फ्लेक्स कोण करणार? शंभरातली सात मुलं जी राहिली ती कुठली, कुठल्या शाळेतली, त्यांचं गणित कुठे अडलं, हे शोधायला कुणाला स्टेज लागत नाही आणि स्टेज नसेल तर कुणी येत नाही.

मधल्या मुलांचं काय, तर त्यांच्यासाठी आपण एक विनोद शोधून काढला आहे. सगळ्या विषयांत बरोबर ३५ पडलेल्या कुणाची तरी दरवर्षी मिरवणूक निघते, हार-गुलाल, व्हिडिओ व्हायरल. ‘काठावर पास, तरी झक्कास’. मला त्या व्हिडिओंचा राग येत नाही, पण त्यात सत्कारही दिसत नाही. हसणारे सगळे जण त्या मुलाला हसत असतात आणि तो शहाणपणाने आपणही हसतो. ३५ ला एक गंमत आहे आणि १०० ला एक दबदबा आहे. ५४ ला काहीच नाही. ५४ म्हणजे पाव किलो पेढे.

पुण्यात महापालिका वेगळ्या पद्धतीने हे करते, ते मला तिथे राहायला गेल्यावर कळलं. दहावीला मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाने १५ हजार रुपये, बारावीला अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने २५ हजार. अर्ज करायचा, कागदपत्रं जोडायची, पैसे बँकेत. मी निकष वाचले तेव्हा सर्वसाधारण मुलांसाठी ८० टक्क्यांची अट होती, महापालिकेच्या शाळेत किंवा रात्रशाळेत शिकलेल्यांसाठी ७० ची आणि दिव्यांग मुलांसाठी ६५ ची. कागदपत्रांची यादी मारुतीच्या शेपटासारखी आहे, हे खरं. पण त्या तीन आकड्यांसाठी मला त्या कधी न पाहिलेल्या कारकुनाचे आभार मानावेसे वाटतात. दिवसभर काम करून रात्री वर्गात बसणाऱ्याचे सत्तर आणि घरी दोन शिकवण्या लावलेल्याचे ऐंशी यांची तुलना कशी करायची, यावर कुणीतरी क्षणभर विचार केला आणि तो सरकारी भाषेत लिहून ठेवला. फ्लेक्सवर हे कधी दिसत नाही. एक्सेलमध्ये एकच कॉलम असतो आणि तो उतरत्या क्रमाने लावतात.

मला सत्कार या प्रकाराबद्दल विचार करताना सगळ्यात जास्त आठवतो तो एक जुना सत्कार, तोही महापालिकेचा किंवा कुठल्या साहेबांचा नाही. मुंबईतला आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सत्कारमूर्ती भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात त्यांनी स्वतः ही हकिगत सांगितली आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांना त्यांचा गौरव करायचा होता. इतर समाजांच्या मानाने यात गौरव करण्यासारखं काहीच नव्हतं, हे तेच नमूद करतात. पण आपल्यातला इथवर पोचलेला हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांना ती केवढी तरी मोठी उंची वाटली. ते परवानगी मागायला वडलांकडे गेले. रामजी सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल; एक परीक्षा तर पास झालाय. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. त्यांनी कृष्णाजी अर्जुन केळुसकरांना मध्यस्थी करायला लावली. केळुसकर सुभेदारांचे स्नेही. थोडी वादावादी झाली, सुभेदार नमले आणि सभा झाली. सभेच्या शेवटी केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या मुलाला भेट दिलं. ते वाचून आपण किती हलून गेलो, हे बाबासाहेब पन्नासएक वर्षांनी लिहीत होते.

चरित्रकार धनंजय कीर ही सभा १९०७ मध्ये, मॅट्रिकनंतर झाल्याचं सांगतात आणि अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचं नाव देतात. परीक्षा कुठली यात फरक आहे, पण पुस्तक देणारे केळुसकर दोन्हीकडे आहेत. कीरांनी मॅट्रिकचे मार्कही दिले आहेत: ७५० पैकी २८२. मी कॅल्क्युलेटर काढला. ३७.६ टक्के.

आमच्या चौकातल्या कुठल्याही यादीत हे नाव रेघेच्या कितीतरी खाली गेलं असतं. कुणाला एक्सेल स्क्रोल करायचेही कष्ट पडले नसते.

त्या लोकांनी मार्क बघितले नव्हते. त्यांनी अंतर बघितलं होतं: हा मुलगा कुठून निघाला आणि कुठे पोचला. आणि केळुसकर पुस्तक देऊन, फोटो काढून घरी गेले नाहीत. पुढे इंटरनंतर वडलांकडचे पैसे संपले, तेव्हा त्यांनीच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे नेलं आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. दर सत्काराला असा उत्तरार्ध लाभावा अशी अपेक्षा करणं वेडेपणाचं आहे, मला कळतं. पण माझ्या पाच सत्कारांपैकी एकाही ठिकाणाहून पुढच्या वर्षी कुणी ‘काय चाललंय, जमतंय का’ एवढं विचारायला फोन केला असता तर मला तो माणूस आजही आठवला असता. आता मला फक्त ट्रॉफ्या आठवतात, त्यातली एक आईने पांढरा मुलामा उडाला म्हणून भंगारात दिली. माझा एक फ्लेक्स मात्र बरीच वर्षं टिकला. मामाने तो मागून नेला होता आणि सोयाबीनच्या ढिगावर झाकायला वापरायचा. ऐन पावसात माझ्या चेहऱ्याने चार क्विंटल सोयाबीन कोरडं ठेवलं आहे. इतका उपयोग माझ्या ९६ टक्क्यांचा दुसऱ्या कुणाला झाला असेल असं वाटत नाही.

हे मी धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, तो जाड क्वालिटीचा मटेरियल होता, हल्ली तसा येत नाही.

त्याच्याशी मी या विषयावर बोलायचा प्रयत्न आधीही केला होता. त्याला राग आहे का, वाईट वाटलं होतं का, असं. तो दर वेळी विषय बदलतो. त्या दिवशी मात्र एका मुलीच्या केसांभोवतालचं बॅकग्राउंड खोडत असताना, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, “हे केस बघ. एक-एक बट सोडवावी लागते. ह्या पोरांकडं इतका वेळ ह्यांच्या घरचेबी बघत नसतील. मला माहीत असतं कोण झोपलेलं नाही ते. डोळ्याखाली काळं असतंय. ते मी काढून टाकतो.” मग थोड्या वेळाने, “शंभरवाल्यालाबी असतंय.”

संध्याकाळी सातच्या सुमारास दुकानात एक बाई आली, सोबत मुलगी. औसा तालुक्यातल्या एका वाडीवरून आल्या होत्या. शेवटची एसटी आठला होती म्हणून घाईत. बाईने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, सायबर कॅफेतून आणलेली निकालाची प्रिंट. ६१ टक्के. घरासमोर लावायला एक बोर्ड पाहिजे, छोटा चालेल, किती पैसे पडतील. धाकट्याने तीन बाय दोनचा भाव सांगितला. बाईने आकडेमोड करून मान हलवली. मुलीचा फोटो त्याने तिथेच मोबाईलवर काढला, पांढऱ्या भिंतीला उभी करून. ती हसली नाही. त्याने दुसरा काढला. मग तिसरा.

‘अभिनंदन’ टाकून झालं, नाव झालं, टक्के झाले. खाली जागा उरली.

“शुभेच्छुक कोण टाकू?” त्याने सवयीने विचारलं.

“ते काय असतंय?” बाईने विचारलं.

धाकटा थांबला. त्याला हा प्रश्न कुणी कधी विचारला नसावा. मीही लॅपटॉपवरून मान वर केली. “म्हणजे,” तो म्हणाला, “ही पास झाली म्हणून ज्यांना ज्यांना आनंद झाला, त्यांची नावं.”

“मग लई होतील की,” बाई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

आजीपासून सुरुवात झाली. मग मामा, मामी, दोन मावश्या. सायकल दिलेला कुणी एक दुकानदार. गणिताच्या बाई, ज्या बदली होऊन गेल्या होत्या. एसटीचा कंडक्टर, त्याचं नाव माहीत नव्हतं, तर ‘कंडक्टर मामा’ असंच टाका म्हणाली. धाकटा टाइप करत होता, अक्षरं बारीक करत होता, मग ‘अभिनंदन’ बारीक केलं, मग तीन बाय दोनचं तीन बाय तीन केलं आणि बाईने भाव विचारला तेव्हा तोच सांगितला.

छापायच्या आधी वाचून बघा, तो म्हणाला. बाईने मुलीकडे बघितलं. मुलगी स्क्रीनजवळ आली आणि बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचायला लागली. बाई प्रत्येक नावाला मान हलवत होती. सातव्या की आठव्या नावाला तिने हात वर केला.

“ह्येचं काढा,” ती म्हणाली. “थोरल्या दिराचं. सवयीनं सांगितलं मी. त्यांना काई आनंद झालेला न्हाई.”

धाकट्याने नाव सिलेक्ट करून डिलीट दाबलं आणि खालच्या ओळी वर सरकवून घेतल्या.